‘तीन वर्षांची पोरकट दारू’ : ‘एक जुना पियक्कड’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका (वय लिहिलं नाहीत, पण ‘चाळीस वर्षं स्कॉच पितोय’ म्हणालात म्हणून काका). उत्तर लांबतंय म्हणून वेगळंच टाकतोय. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, डब्लिनच्या व्हिस्की लाइव्हमध्ये (व्हिस्की चाखायचा मेळा) चाखलेल्या नवीन आयरिश व्हिस्क्यांबद्दल मी लिहिलं त्यावर काका म्हणतात की आयरिश म्हणजे तीनदा गाळून (म्हणजे डिस्टिल करून) बेचव केलेलं पाणी, त्यात ह्या नव्या तर तीन-चार वर्षांच्या पोरकट, यापेक्षा आपली गोव्याची पॉल जॉन बरी, अर्धे ब्रँड एकाच कारखान्यातून माल उचलून लेबलं चिकटवतात, आणि चमचाभर घोट घेऊन फुकट्यांनी कौतुक करू नये.

फुकटचं आधी निकालात काढू. तिकीट माझ्या खिशातून, ते एकदा काढलं की बहुतेक स्टॉलवरची चव त्यातच येते आणि तो घोट खरंच चमचाभरच असतो, मान्य. पण म्हणूनच मी कुणालाही मार्क दिले नाहीत काका, पोस्ट परत बघा. संध्याकाळी उरलेल्या जिभेवर मार्क देणं म्हणजे थापा मारणंच. शोमध्ये काय होतं तर कुठल्या बाटलीवर पैसे घालायचे नाहीत हे कळतं, एवढंच, आणि तेही थुंकायची बादली वापरायची लाज सोडली तर. मी कमी ताकदीच्या आधी घेतो, कास्क स्ट्रेंथ (पिंपातून निघते तशी, पाणी न घालता भरलेली) शेवटी, मध्ये पाणी आणि साधी बिस्किटं. (चकणा नाही हो, शेव खाल्ली की संपलं सगळं.)

आता ‘पाणी’. हे मात्र नावडतीचं मीठ अळणी झालं. तीनदा गाळलीच पाहिजे असा आयर्लंडमध्ये कायदा नाहीये. कूली डिस्टिलरीची कनेमारा दोनदाच गाळतात आणि तिला चांगला पीटचा (दलदलीतल्या जळाऊ मातीचा) धूर आहे. टीलिंग डिस्टिलरीची ब्लॅकपिट्स तीनदा गाळून सुद्धा धुरकट आहे. आणि सिंगल पॉट स्टिल म्हणजे मोड आणलेल्या बार्लीबरोबर कच्ची बार्लीही घालून केलेली, ती तर जिभेवर तेलकट बसते, लवंग-मिरीसारखी चुरचुरते. माल्टवर, म्हणजे मोड आणलेल्या धान्यावर, कर बसला तो वाचवायला ही पद्धत फोफावली असं सांगतात, पण कर गेला तरी चव राहिली. २०१४ च्या नियमात दोन्ही बार्ली किमान तीस-तीस टक्के हवी आणि ओट, राय वगैरे इतर धान्यं मिळून फक्त पाच टक्के. यावरून नवीन मंडळी चिडलेली असतात, कारण जुन्या वह्यांमध्ये ओट आणि रायचं प्रमाण याहून बरंच जास्त सापडतं. स्टॉलवर नुसता विषय काढून बघा, पुढची दहा मिनिटं तुम्हाला बोलायला मिळणार नाही.

वयाचं म्हणाल तर किमान तीन वर्षं हा नियम तुमच्या स्कॉचलाही आहे, आणि पॉल जॉन काय अठरा वर्षांची असते का? गोव्याच्या उकाड्यात पिंपातून वर्षाला साधारण आठ टक्के उडून जाते, आयर्लंडमध्ये दोनच्या आसपास, म्हणून तिकडची पाच वर्षं आणि इकडची पाच वर्षं एक नव्हेत. हे तुमच्या बाजूचंच बोलतोय, थंड हवेत तीन वर्षं कमीच पडतात. मग नवीन लोक लाकडाचा खेळ करतात, छोटी पिंपं, कोरं ओक, पोर्ट-मडेरा ह्या वाइनची जुनी पिंपं, आणि आयरिश नियमात फक्त ‘लाकडी पिंप’ म्हटलंय, ओकच पाहिजे असं नाही, त्यामुळे मिडल्टन ह्या मोठ्या डिस्टिलरीवाल्यांनी चेस्टनट आणि चेरीची पिंपंसुद्धा वापरली, जे स्कॉचवाल्यांना करताच येत नाही. ह्यातल्या काही फार सुंदर जमल्यात आणि काही निव्वळ सरबत. ओळखायची एक युक्ती सांगतो, काही स्टॉलवर पिंपात घालायच्या आधीचं पांढरं स्पिरिट छोट्या बाटलीत ठेवलेलं असतं, मागितलं तर देतात. हातावर थेंब घेऊन चोळायचा आणि वास घ्यायचा. धान्याचा, हिरव्या सफरचंदाचा, लोण्याचा वास आला तर दारू मुळात बरी आहे, नुसती वय मागतेय. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर वर कितीही पोर्ट चढवा, काही उपयोग नाही.

शेवटचा मुद्दा, एकच कारखाना. हा मात्र तुमचा बाण बरोबर बसलाय, आणि मला खरं भांडायचंय ते ह्याच्यावरच. १९८७ मध्ये जॉन टीलिंगनी कूली काढली तेव्हा अख्ख्या बेटावर मिडल्टन आणि बुशमिल्स एवढ्या दोनच डिस्टिलऱ्या चालू होत्या, आज चाळीसच्या वर आहेत. नवीन डिस्टिलरी टाकली की पहिली तीन वर्षं विकायला व्हिस्कीच नसते, मग लोक जिन विकतात नाहीतर दुसऱ्याची व्हिस्की विकत घेऊन आपल्या नावाने भरतात. डंडॉकला ग्रेट नॉर्दर्न आहे, तीही टीलिंगांचीच, जुन्या हार्प बिअरच्या कारखान्यात, तिचा धंदाच मुळी दुसऱ्यांना माल पुरवायचा. यात पाप काहीच नाही. टीलिंगच्या पोरांनी सुरुवातीला हेच केलं आणि २०१५ मध्ये डब्लिनमध्ये स्वतःची डिस्टिलरी उघडली. पाप कुठे आहे तर विकतचं लोणचं आणून बरणीवर आजीचा फोटो लावण्यात. एका स्टॉलवर (नाव लिहीत नाही) मी साधं विचारलं, गाळली कुठे? तर तो बाबा पणजोबा, शेतातली विहीर, गावचा पाद्री सगळं सांगत बसला, डिस्टिलरी काही सांगेना. बाटली फिरवून मागे पाहिलं तर ‘यांच्यासाठी उत्पादित’. ग्लास ठेवला आणि निघालो. व्हिस्की वाईट नव्हती, पण त्या किमतीत मी विहिरीचे पैसे देणार नाही.

आणि उलट ज्यांनी सगळं उघड ठेवलं त्यांचं काय झालं बघा. वॉटरफर्ड डिस्टिलरीवाले कुठल्या शेतातली बार्ली, कुठली पिंपं, सगळं बाटलीवरच्या कोडने दाखवायचे, वय कोवळं आहे हेही लपवलं नाही, पन्नास टक्के अल्कोहोलवर भरायचे. २०२४ च्या शेवटी कंपनी रिसीव्हरच्या (कर्जवसुलीसाठी नेमलेल्या माणसाच्या) ताब्यात गेली. मला त्यांच्या सगळ्याच बाटल्या आवडायच्या असं नाही, किमती चढ्याच होत्या, पण कथा सांगणारे तरले आणि हे बुडाले याचा राग येतो. २०२५ मध्ये तर मिडल्टननेच काही महिने गाळणं थांबवलं होतं, म्हणजे छोट्यांचे हाल किती असतील.

तर तुम्ही विचारलंत, ‘दुसरा पेग मागावासा वाटेल अशी एक तरी आयरिश सांगा’. नवीन सांगणार नाही. आधी रेडब्रेस्ट १२ घ्या, किंवा थोडी दांडगी हवी असेल तर पॉवर्स जॉन्स लेन, दोन्ही पॉट स्टिल. सोडा नको, बर्फ नको, दोन-चार थेंब पाणी चालेल. त्या आवडल्या तर मग डिंगल डिस्टिलरीच्या पॉट स्टिलबद्दल बोलू, आणि नाही आवडल्या तर तुमची स्कॉच तुम्हाला लखलाभ, पण बेचव पाणी म्हणायचं नाही.