उंदीर झोपला होता की गुंगीत होता?
शस्त्रक्रियेनंतर उंदरांची झोप तुटक होते, मेंदूच्या लहरी बदलतात, हे लेखातलं म्हणणं मान्य. पण सगळा दोष जखमेच्या माथी मारलाय, ते काही पटलं नाही. भूल म्हणजे झोप नव्हे. आयसोफ्लुरेन या भुलीच्या वायूखाली ईईजीवर (मेंदूच्या विद्युत लहरींच्या नोंदीवर) संथ, मोठ्या लहरी दिसतात, गाढ झोपेसारख्याच. पण त्यात रेम झोप (डोळे भराभर हलतात तो झोपेचा टप्पा) होत नाही आणि ती तूट उंदीर नंतर भरून काढतो. वर वेदनाशामकं! ब्युप्रेनॉर्फिन उंदराची झोपच उडवतं. न द्यावं तर वेदनेने मोडणार. इकडे आड, तिकडे विहीर. म्हणूनच नुसती भूल दिलेला आणि नुसतं औषध दिलेला, असे वेगळे गट तुलनेला लागतात. त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही.

शिवाय झोप मोजायला कवटीत इलेक्ट्रोड आणि मानेच्या स्नायूत तारा बसवाव्या लागतात, म्हणजे तीही शस्त्रक्रियाच. मानेची तार हवीच, कारण रेममध्ये उंदराच्या मेंदूत थीटा लहरी (साधारण ६ ते ९ हर्ट्झ) उठतात, अगदी तो हिंडताना उठतात तशा. फरक इतकाच की मानेचा स्नायू पार सैल पडलेला असतो. हे सगळं बसवल्यावर प्रयोगशाळा सहसा आठवडा-दोन आठवडे थांबतात आणि मगच मूळ नोंद (प्रयोगाआधीच्या नेहमीच्या झोपेची) घेतात. इथे ती घेतली होती का?

आणि उंदीर निशाचर. दिवसा झोपतो, तेही काही मिनिटांच्या तुकड्यांत. मग ‘तुटक’ म्हणजे कशाच्या तुलनेत? उजेडातले १२ तास आणि अंधारातले १२ तास वेगळे दाखवणारा आलेख असेल तर कृपया टाका.