सोडा आणि व्हिनेगर एकत्र नको

शॉवरवरचा क्षार काढण्याबद्दलच्या लेखात सोडा आणि व्हिनेगर एकत्र करायला सांगितलंय, पण ती दोन्ही एकमेकांना मारतात; फेस येतो, क्षार तसाच राहतो. पुण्यात वाघोली-उंड्रीकडे बोअर-टँकरच्या पाण्याने शॉवरवर बसणारा पांढरा थर आम्लानेच सुटतो. अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) घाला, पिशवीत भरून शॉवरला रबरबँडने बांधा. अर्ध्या तासात काढा, जास्त ठेवलं तर क्रोम काळवंडतं. मग रबरी भोकं जुन्या टूथब्रशने चोळा. शॉवर काढून त्याच्या मानेतली जाळीही धुवा, धार बारीक होण्याचं कारण बऱ्याचदा तिथेच असतं! परत बसवताना आट्यांवर नवी टेफ्लॉन टेप गुंडाळा. खाली शहाबादी फरशी असेल तर या पाण्याचा थेंबही पडू देऊ नका, तो चुनखडीचाच दगड, आम्ल त्यालाही खातं. आणि ब्लीचिंग पावडर यात कधीच नको, विषारी क्लोरीन वायू निघतो.