पृष्ठभाग विभाग

फिनिक्सच्या आसपास घर घेतलं की मागच्या अंगणात स्विमिंग पूल निघण्याची शक्यता बरीच असते. आमच्याही निघाला. नवऱ्याला वाटलं लॉटरी लागली, मुलांना वाटलं आता शाळा नसली तरी चालेल, आणि संभाजीनगरच्या नणंदेला वाटलं की आम्ही हाताबाहेर गेलो. तिच्या कॉलनीत नळाला पाणी यायचे वार ठरलेले आहेत, आणि तेही पाळले जात नाहीत. त्यामुळे व्हिडिओ कॉलवर मागे निळं पाणी दिसायला लागलं की मी फोन हळूच भिंतीकडे वळवते.

पोहण्याचं म्हणाल तर जुलैत पाणी इतकं तापतं की उतरलं काय आणि न उतरलं काय, घाम तोच. डिसेंबरात अंगठा बुडवला तरी कळ मस्तकात जाते. मधले जे बरे महिने, त्यात पाणी दिसतच नाही. दिसतात शेजारच्या पालो वर्देची फुलं. पालो वर्दे हा अ‍ॅरिझोनाचा राज्यवृक्ष. हिरव्या सालीचा, काटेरी, नात्याने आपल्या बाभळीकडचा. एप्रिलात तो असा पिवळाजर्द फुलतो की लोक थांबून फोटो काढतात. मग वारा सुटतो आणि तो सगळा फोटो आमच्या पाण्यात येऊन पडतो.

पडली फुलं तर पडू द्यावीत, असं नवख्याला वाटेल. पण जंतूंवर खर्च व्हायचं क्लोरीन मग या पाचोळ्यावर खर्च होतं. आधीच इथलं ऊन ते खातं. उघड्या पाण्यातलं क्लोरीन भर दुपारी काही तासांत उडून जातं, म्हणून त्याच्या रक्षणाला सायन्युरिक अ‍ॅसिड घालायचं. ते जास्त झालं तर क्लोरीन नुसतं पाण्यात असतं, काम करत नाही. आणि ते कमी करायचं तर पाणी उपसून नवं भरायचं. पीएच 7.2 ते 7.8 च्या मध्ये राहिला पाहिजे. पाणी जड, क्षारांचं, त्यामुळे उडताना टाइल्सवर पांढरी रेघ सोडून जातं. हे सगळं टाळायचं तर फुलं बुडायच्या आत उचलायची. म्हणजे रोज संध्याकाळी लांब दांड्याचा झारा घेऊन पाण्याभोवती प्रदक्षिणा. त्या घालायच्या मी, कारण नवऱ्याला नेमकी तेव्हा मीटिंग असते. भारतातल्या टीमशी, म्हणतो. भारतात तेव्हा सकाळचे साडेसहा वाजलेले असतात आणि कुठली टीम त्या वेळेला तोंड धुऊन बसलेली असते हे मी कधी विचारलं नाही.

शेवटी एक दिवस मी झारा त्याच्या लॅपटॉपवर नेऊन ठेवला. त्या आठवड्यात घरी खोकं आलं. त्यात सौरऊर्जेवर चालणारा, पाण्यावर तरंगून कचरा गोळा करणारा रोबो होता. किंमत मी रुपयांत केली आणि थोडा वेळ बसून राहिले.

दिसायला तो चपटा. पाठीवर काळं सोलर पॅनल, पुढे पाणी आत ओढणारं फिरतं चाक, मागे जाळीचा ट्रे. चाक फिरतं, पाण्याबरोबर फुलं आत येतात, पाणी जाळीतून निघून जातं, फुलं राहतात. भिंतीला लागला की मागे सरतो, वळतो, दुसऱ्या दिशेने निघतो. दिवसभराच्या उन्हावर बॅटरी भरते, त्यामुळे अंधार पडला तरी थोडा वेळ चालतो. वायर नाही, वीज नाही, आवाज जवळजवळ नाही. नवरा खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसला. त्या संध्याकाळी मीटिंग नव्हती.

याच सुमारास सासू-सासरे आले. मराठवाड्यातला उन्हाळा सोसत नाही म्हणून ते आमच्याकडे आले. फिनिक्सला! 2023 मध्ये इथे सलग 31 दिवस दुपारचा पारा 110 फॅरनहाइटच्या, म्हणजे 43 सेल्सिअसच्या खाली राहिला नव्हता, ही माहिती त्यांच्या चिरंजीवांनी तिकिटं निघेपर्यंत बाहेर येऊ दिली नाही.

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. अर्धी नोकरी पैठणला, नाथसागरावर. आल्या आल्या त्यांनी पुलाच्या टाइलवर पेन्सिलने खूण केली आणि मे महिन्यात जाहीर केलं, की रोज पाव इंचाच्या आसपास पाणी उडतंय. ग्रँड कॅन्यन दाखवतो म्हटलं तर म्हणाले, आधी तो कालवा दाखव. कोलोरॅडो नदीचं पाणी फिनिक्स आणि टुसॉनकडे आणणारा 336 मैलांचा कालवा, वाटेत पंपांनी पाणी 2,900 फुटांहून जास्त वर चढवतात. कुंपणाबाहेर उभं राहून नानांनी तो बराच वेळ पाहिला. परत येताना गाडीत एवढंच म्हणाले, "इतक्या लांबून आणायचं, इतकं वर चढवायचं, आणि मग त्यात फुलं पाडून ती उचलायला मशीन ठेवायचं. अंदाजपत्रक कोणी मंजूर केलं?"

मशीनवर मात्र त्यांचा जीव जडला. कारण तो रोबो त्यांना पहिल्या दिवसापासून खात्यातलाच वाटला. सकाळी चहाचा कप घेऊन ते हजेरी घ्यायला जायचे. "ऊन वर आल्याशिवाय साहेब जागचे हलत नाहीत," आत येऊन सांगायचे. ढग आला की मंदावतो, याचीही नोंद व्हायची. एकदा पाहते तर एक फूल त्याच्या नाकासमोर हळूहळू बुडालं आणि रोबो शांतपणे त्याच्यावरून निघून गेला. मी वैतागले.

"अगं, ते आता त्याच्या हद्दीत नाही," नाना म्हणाले. "पाण्यावर तरंगेल ते त्याचं. बुडालं की दुसरं खातं."

"आणि ते दुसरं खातं कुठंय?"

"पद मंजूर नाही."

हद्दीचा प्रश्न लवकरच चिघळला, कारण पुलाच्या भिंतीत एक जुना कर्मचारी होताच. प्रत्येक पुलाला असतो. पाण्याच्या पातळीवर भिंतीत एक चौकोनी तोंड, त्याला आतबाहेर होणारी झडप, आत टोपली. पंप सुरू झाला की वरचं पाणी तिकडे ओढलं जातं आणि कचरा टोपलीत पडतो. आमच्या वीजयोजनेत संध्याकाळी 4 ते 7 वीज महाग, म्हणून पंप पहाटे लागतो आणि सकाळी बंद होतो. रोबोच्या माहितीपत्रकात लिहिलेलं, की पंप चालू असताना त्याला पाण्यात सोडू नका. ते माहितीपत्रक नवऱ्याने वाचलं होतं. मग त्याने ते जपून कपाटात ठेवलं.

एका सकाळी मी पोळ्या करत होते. नाना पेपर वाचता वाचता एकदम ताठ झाले. "पंप हवा घेतोय," म्हणाले. मला काही ऐकू आलं नाही. ते चपला न घालताच बाहेर धावले. बघतो तर रोबो त्या तोंडात डोकं घालून बसलेला, चाक गरगरतंय, पाणी आत जायला जागा नाही, टोपली कोरडी पडत चाललेली आणि पंप घशात काही अडकल्यागत खरखरतोय. पंपावरच्या पारदर्शक झाकणातून बुडबुडे दिसत होते. नानांनी आधी पंप बंद केला, मग ओणवं होऊन रोबोला दोन्ही हातांनी मागे ओढलं. तो सुटल्याबरोबर वळला आणि काहीच झालं नाही अशा थाटात पलीकडच्या पायऱ्यांकडे गेला. तिथे उथळ पाण्यात पायरीवर चढून बसला.

"बदली मागतोय," नाना म्हणाले.

ट्रे रिकामा करायचं काम कुणाकडे आलं, हे सांगायची गरज नाही. त्यातही एक मेख आहे. ट्रे ओढताना तो थोडा जरी पुढे झुकला तर दिवसभराची कमाई परत पाण्यात. त्यामुळे गुडघ्यावर बसायचं, एका हाताने रोबो काठाशी दाबून धरायचा, दुसऱ्या हाताने ट्रे सरळ वर काढायचा, आणि फरशी तापलेली असते म्हणून हे सगळं भरभर. आत ओल्या फुलांचा पिवळा लगदा, मेस्कीटच्या शेंगा, दोनचार मधमाश्या आणि मुलांच्या हातून उडालेलं चिकटपट्टीचं वेष्टन. एकदा मी लगदा उपडा केला आणि तो चालायला लागला. पिवळ्या फुलांतून पिवळाच विंचू, शेपटी अंगावर घेतलेली. इथले विंचू पाण्यात पडले तरी तासन्‌तास मरत नाहीत, हे मी ऐकून होते. त्या दिवशी खात्री पटली. मी किंचाळले, नवरा मीटिंगमधून उठून आला (म्हणजे ती तितकीशी महत्त्वाची नसावी), मुलं काचेमागे चिकटली.

आई मात्र सावकाश आल्या. महाडच्या डॉ. बावस्करांनी ज्या विंचवांच्या दंशावर उपचार शोधण्यात हयात घालवली, त्यांच्या राज्यातली ही बाई. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "एवढंसं? हे पिलू दिसतंय," म्हणाल्या आणि पायातली चप्पल काढली. हा अमेरिकेतला सगळ्यात विषारी विंचू आहे, असं नवरा त्यांना सांगत होता, तोवर त्या चप्पल धुवायला नळाकडे गेलेल्या.

जून गेला आणि वादळं सुरू झाली. इथे मान्सून 15 जून ते 30 सप्टेंबर. नाव तेच, पण पाऊस आला तर आला, धूळ मात्र येते. 2011 च्या जुलैत आलेल्या धुळीच्या भिंतीची उंची साधारण मैलभर होती. आमच्या वाट्याला आलेली एवढी मोठी नव्हती, पण दुपारी पाच वाजता अंगणातलं काही दिसेना. आईंनी खिडक्यांच्या फटीत ओली फडकी कोंबली, तीही कोणी न सांगता.

सकाळी पुलात चहा होता. रोबो बरोब्बर मध्यभागी थांबलेला. पाठीवर चिखलाचा थर, त्यावर होल्यासारख्या एका पक्ष्याने आपली भर घातलेली. पॅनलला ऊन मिळेना, बॅटरी संपलेली. आणि अशा वस्तू काठाशी कधी बंद पडत नाहीत. नवऱ्याने झारा लांबवून पाहिला, तो पोचला नाही. मग झाऱ्याला कुंचा बांधला. कुंचा सुटून पाण्यात पडला आणि तोही मध्यभागी गेला. मुलं म्हणाली, आम्ही उडी मारतो. त्या पाण्यात? मी नजरेनेच नाही म्हटलं.

"अरे, पंप लाव," नाना मागून म्हणाले.

"नाना, पंप चालू असताना तो..."

"तेच म्हणतोय. लाव."

पंप लागला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग रोबो हलला, इतका हळू की आधी भास वाटला. भिंतीतल्या जुन्या कर्मचाऱ्याने त्याला ओढत ओढत थेट आपल्या तोंडाशी आणलं, मागोमाग कुंचाही आला. नानांनी वाकून रोबोची मूठ धरली, "हां, बंद कर" म्हणाले आणि त्याला वर काढून काठावर पालथा न करता ठेवला. नाथसागरावर यापेक्षा जास्त काही केलं असेल, पण चेहरा त्यांचा तेव्हाही असाच झाला असणार.

पॅनल ओल्या फडक्याने पुसलं. दुपारपर्यंत तो परत कामावर रुजू झाला. एव्हाना सगळी धूळ तळाशी बसली होती, मैद्यासारखी बारीक, आणि वर एकही पान नव्हतं. त्या लख्ख पृष्ठभागावर तो मोठ्या उत्साहाने फेऱ्या मारत होता.

ऑगस्टमध्ये निघताना नानांनी त्याचा गोपनीय अहवाल लिहिला. खरोखर लिहिला, फ्रिजवर लावलाय. "हजेरी : ऊन असेल तेव्हा. वर्तणूक : शांत. सहकाऱ्यांशी संबंध : त्यांच्या कामात डोके घालतो. हद्दीबाहेरील कामाची आवड : नाही. प्रत : ब+, निश्चित चांगला. पदोन्नतीची शिफारस नाही."

नवऱ्याने तो मोठ्याने वाचला आणि म्हणाला, म्हणजे तळासाठी वेगळा रोबो घ्यायला हवा. भिंती घासणारेही मिळतात, बॅटरीवरचे, आता सेल लागलाय.

"म्हणजे तीन विभाग," नाना बॅगेला कुलूप लावत म्हणाले. "मग शिपायाचं पदही लागेल. ट्रे कोण ओतणार?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. आईंनी कोपऱ्यातला झारा उचलून त्याच्या हातात दिला.

"भरलं पद," त्या म्हणाल्या.