जाणाऱ्या माणसाला काय विचारावं?

कोल्हापुरात पॅलिएटिव्ह केअरमधल्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या उपचारांमधल्या, संशोधनाचा विषय काढला की पहिला आक्षेप ठरलेला: माणूस जायला टेकलाय, त्याला प्रश्न विचारून कशाला छळता? हा आक्षेप इथे ब्रिटनमध्येही ऐकू येतो. त्यामागे माया आहे, पण न विचारण्याची किंमत रुग्णच मोजतो.

ऑक्सिजनचंच घ्या. धाप लागली की घरचे उसनवारी करून सिलिंडर आणतात. २०१० साली २३९ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. रक्तातला ऑक्सिजन फार खाली न गेलेल्यांना नळीतून ऑक्सिजन दिला काय, साधी हवा दिली काय, आराम सारखाच पडला. त्यांना विचारलं म्हणून हे कळलं.

मात्र ब्रिटनमधले त्रास विचारण्याचे फॉर्म मराठीत करून कोल्हापुरातल्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयाच्या ओपीडीत ठेवले म्हणजे झालं, असं नाही. आपल्याकडे "आबांना काही सांगू नका" असं मुलगा दारातच बजावतो आणि मग उत्तरंही तोच देतो. नातेवाईक वेदना अनेकदा जास्त सांगतात, डॉक्टर-नर्स कमी धरतात. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे उत्तर कोणी दिलं ते लिहाच. प्रश्न "आत्ता किती दुखतंय?" एवढाच असावा, ० ते १० मध्ये. आकडा जमत नसेल तर नाही, थोडं, बरंच, सोसवत नाही. गुंगीतल्या माणसाला गेल्या आठवड्याचा हिशेब मागू नये. वेदना, धाप, मळमळ, एवढी तीन लक्षणं सुरुवातीला पुरेत.

संमती शुद्धीत असतानाच घ्यावी. नेदरलँड्समधल्या हॉस्पिसांत, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांच्या शुश्रूषा केंद्रांत, मरणाआधीची घशातली घरघर टाळणाऱ्या औषधाची चाचणी झाली, तेव्हा संमती आधीच घेऊन ठेवली होती. औषध न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना घरघर लागली, औषध मिळालेल्यांपैकी १३ टक्क्यांना. ज्याला निदानच सांगितलेलं नाही, त्याला औषधाच्या चाचणीत घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

खरा घोळ गळतीत, म्हणजे मधेच सुटलेल्या रुग्णांच्या नोंदीत होतो. गगनबावड्याचा रुग्ण महिन्याने आला नाही की रकान्यात "फॉलोअप नाही" पडतं. मृत्यू, आजार बळावला, नकार, संपर्क तुटला, ही कारणं वेगळी लिहायला हवीत. नाहीतर त्यातल्या त्यात धडधाकट तेवढे उरतात, सरासरी सुधारते आणि निकामी औषधही गुणकारी दिसतं. विचारलंच नाही असे किती आणि त्यांना कोणी अडवलं, हेही मोजावं.

अमली पदार्थांच्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिन या वेदनाशामकासाठीच्या परवान्यांचं जंजाळ कमी झालं, पण मान्यताप्राप्त संस्थेला वर्षाची गरज आधी कळवावीच लागते. कोल्हापूरचा तो आकडा अशा नोंदींतूनच निघायला हवा.