फक्त एक एक्स

कंपनीच्या सगळ्या जुन्या फायली नव्या फॉरमॅटमध्ये न्यायचं ठरलं आणि आमच्या खात्यातून माझी वर्णी लागली. जेवणाच्या सुट्टीनंतर जागेवर मी एकटाच सापडलो होतो.

"काही नाही सर, डॉकचं डॉक-एक्स करायचं. शेवटी फक्त एक एक्स," आयटीतला पोरगा म्हणाला. "आम्हाला काही नको, मुलगी आणि नारळ द्या" म्हणणाऱ्या वरपित्याचा सूर होता तो. तिथेच सावध व्हायला हवं होतं.

हा एक्स म्हणजे एक्सएमएल, मजकूर खुणा घालून लिहायची एक पद्धत. ऑफिस २००७ पासून आला. नवी फाइल म्हणे खरं तर झिपचं गाठोडं. आत मजकूर वेगळा, चित्रं वेगळी. कुतूहलाने मी एक गाठोडं सोडवून बघितलं. परत बांधलं तर वर्ड ते उघडेना. आकाशकंदील तरी कुठे परत त्याच खोक्यात बसतो?

बरं, बदलायची कुठली फाइल? 'दरपत्रक फायनल', 'दरपत्रक फायनल नवीन', 'दरपत्रक साहेबांनी बघितलेलं' आणि 'दरपत्रक हेच धरा'. चारींत दर वेगळे.

मराठी परिपत्रकं युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीची. फॉन्ट काढला की खाली नुसती रोमन अक्षरं आणि टिंबं. नव्या मशीनवर तो फॉन्टच नव्हता. प्रोग्रॅमने मात्र सगळ्यांपुढे 'यशस्वी' लिहिलं. एका परिपत्रकात होळीची सुट्टी आहे असं माझं मत, युनियनच्या मते त्यात बोनस आहे. वाद अजून चालू आहे.

खरा घाम फोडला पगाराच्या एक्सेलने. तिच्यातले मॅक्रो, म्हणजे कामं आपोआप उरकणारे छोटे प्रोग्रॅम, निवृत्त झालेल्या अण्णांनी लिहिलेले. मॅक्रो टिकवायचे तर एक्सएलएसएम करावी लागते; मी केली एक्सएलएसएक्स. एक्सेलने आधी विचारलंही होतं, पण असले प्रश्न वाचतो कोण? 'यस' दाबलं आणि मॅक्रो गेले. मूळ फाइल होती म्हणून वाचलो, पण नव्या मशीनवर तीही अडली, आणि आत डोकवायचं तर पासवर्ड!

अण्णांना फोन लावला.

"सोपा आहे रे. तुझ्या काकूचं माहेरचं नाव."

टाकलं. चालेना. स्पेलिंग तीन तऱ्हांनी बदलून बघितलं.

"अण्णा, नाही चालत."

पलीकडे शांतता. मग दबक्या आवाजात, "जरा थांब. दार लावून घेतो."