‘तत्त्वासाठी पोरीचं नुकसान’? भुसावळच्या भाऊंना सविस्तर उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया ज्यांच्या वाचनात आली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुलीला आठवीपासून जळगावच्या नावाजलेल्या शाळेत न पाठवता एरंडोलमध्येच, घराजवळच्या हायस्कूलमध्ये ठेवायचं आम्ही ठरवलं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की ही नोकरदारांची हौस आहे, तत्त्वासाठी पोरीचं नुकसान चाललंय. जळगावच्या शाळेचा निकाल दरवर्षी १०० टक्के लागतो. इथल्या वर्गातली निम्मी पोरं दिवाळीत कापूस वेचायला जातात, त्यांच्या संगतीत ती काय शिकणार? आणि साने गुरुजींचा जमाना आता गेला. शेवटी विचारलंत, ‘विज्ञानाला शिक्षक तरी आहे का?’

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

आहे. गणिताला आणि विज्ञानाला, दोन्हीकडे मान्य पदावरचे पूर्णवेळ शिक्षक आहेत आणि मुलगी दहावी होईपर्यंत दोघांपैकी कुणीही निवृत्त होत नाही. हे मी मुख्याध्यापकांना भेटून विचारून घेतलं. ते शिक्षक नसते तर मी मुलीला तिथे ठेवलं नसतं, हे अगदी स्पष्ट सांगते. घराजवळची शाळा मला प्रिय आहे, पण नववी-दहावीत बीजगणित आणि विज्ञानाचे तास रिकामे जाणार असतील तर त्या जवळिकीचा पोरीला काही उपयोग नाही. २०१२ पासून कित्येक वर्षं आपल्या राज्यात शिक्षकभरती जवळजवळ थांबलेली होती. २०१७ मध्ये शिक्षकभरतीसाठी सरकारचं ऑनलाइन पवित्र पोर्टल आलं, तरी जागा भरायला पुढे बराच काळ गेला. तेवढ्या काळात जे सर-मॅडम निवृत्त झाले त्यांच्या जागी अनेक अनुदानित शाळांनी तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते पैसे देऊन, माणसं घेऊन वेळ मारून नेली. त्यातली काही फार जीव लावून शिकवतात, पण दुसरीकडे कायमची नोकरी लागली की वर्षाच्या मध्यात निघून जातात. त्यांना दोष कसा देणार?

माझं म्हणणं एवढंच आहे की हाच प्रश्न जळगावच्या शाळेलाही विचारायला हवा. तिथे पालक फी किती, ड्रेस कुठे मिळतो, व्हॅन कुठून सुटते एवढं विचारून येतात. एकेका इयत्तेच्या चार-पाच तुकड्या असतात. ज्या सरांचं नाव जिल्हाभर झालंय ते आपल्या मुलाच्या तुकडीवर येतील का, हे कुणी विचारत नाही. भाऊ, शाळा निवडायची म्हणजे नववी-दहावीला वर्गावर कोण उभं राहणार आहे ते बघायचं, असं मला वाटतं. माझ्या आधीच्या लेखाचा आणि या उत्तराचा गाभाही तोच आहे.

आता निकाल. १०० टक्के निकाल म्हणजे परीक्षेला बसलेले सगळे पास झाले. बसले कोण, हे त्या आकड्यात दिसत नाही. नववीत एखादं पोरगं कच्चं निघालं की पालकांना बोलावून ‘याचा १७ नंबरचा फॉर्म भरा’ असं सुचवणाऱ्या शाळा असतात, हे आपल्या भागातल्या कुठल्याही क्लासवाल्याला ठाऊक आहे. १७ नंबरचा फॉर्म भरला की ते मूल खासगी विद्यार्थी ठरतं आणि शाळेच्या नियमित विद्यार्थ्यांच्या निकालात धरलं जात नाही. चौकातल्या बॅनरवर ९५ टक्केवाल्यांचे फोटो असतात. ज्याला शाळेने दहावीच्या उंबरठ्यावर बाहेर काढलं त्याचा फोटो कुठेच नसतो. म्हणून मी मुख्याध्यापकांना विचारलं, मागच्या वर्षी नववीत किती मुलं होती आणि त्यातली किती यंदा दहावीला बसली? आमच्या शाळेचा निकाल १०० टक्के नाही. पण नववीतली जवळपास सगळी मुलं दहावीला बसली होती. मला हा आकडा जास्त विश्वासाचा वाटतो.

दुसरं असं, की नावाजलेल्या शाळेत पाचवीला किंवा आठवीलाच हुशार मुलं गोळा होतात. पुढे ती चमकली तर त्यातलं शाळेचं किती आणि मुलांचं किती, हे वेगळं कसं काढायचं? अमेरिकेत बोस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये परीक्षा घेऊन प्रवेश देणारी सरकारी हायस्कूलं आहेत, त्यांच्यासाठी तिथे झुंबड उडते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रवेशाच्या रेषेच्या जेमतेम वर राहिलेली मुलं आणि जेमतेम खाली राहून दुसऱ्या शाळेत गेलेली मुलं यांची तुलना केली. दोन्हीकडची मुलं मुळात सारखीच होती आणि पुढच्या परीक्षांतल्या गुणांतही जवळजवळ फरक दिसला नाही. अमेरिका लांबची वाटत असेल तर आंध्र प्रदेशातलं उदाहरण घ्या. तिथल्या खेड्यांत २००८ पासून चार वर्षं एक प्रयोग झाला. सोडत काढून काही मुलांना खासगी शाळेचा खर्च दिला. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात ती मुलं सरकारी शाळेतल्या मुलांच्या पुढे नव्हती, हिंदीत मात्र पुढे होती. खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहून कमी होता, हेही त्यातून पुढे आलं. ती मुलं प्राथमिकची होती, म्हणून त्यावरून हायस्कूलचा सरळ निष्कर्ष मी काढणार नाही. पण शाळेच्या नावाने आपोआप गुण वाढतात, या समजाला दोन्हीकडे आधार मिळाला नाही.

संगतीबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मला लागलं, भाऊ.

हो, आमच्या वर्गातल्या काही मुली वेचणीला जातात. मुलीच्या बाकावरची मैत्रीण दिवाळीनंतर दोन-दोन आठवडे आईबरोबर शेतात असते. यात मला काहीच गोड वाटत नाही. ज्या वयात तिने वर्गात असायला हवं त्या वयात ती उन्हात कापसाची बोंडं वेचते, हा तिच्यावर अन्याय आहे. त्याचा वर्गावर परिणाम होतो हेही खरं. ती मुलं परत आली की सरांना एखादा धडा पुन्हा घ्यावा लागतो. पण ‘संगत’ म्हणताना तुमच्या मनात जे आहे, शिव्या, उनाडपणा, अभ्यासाची नावड, ते या मुलींमध्ये मला दिसलेलं नाही. त्या आल्या की बुडालेला अभ्यास आमच्या ओट्यावर बसून भरून काढतात. त्यांना समजावून सांगताना माझ्या मुलीला कळतं की तिला स्वतःला नेमकं कुठे अडतंय. समीकरण सोडवताना ती गाळून जात होती ती पायरी तिला मैत्रिणीच्या ‘पण असं का?’मुळे सापडली. एखादा क्लास लावून हे झालं नसतं.

आणखी एक. आमच्या शाळेत मूल उभं राहून ‘सर, माले समजनं नही’ असं म्हणू शकतं. सरही अहिराणीत दोन वाक्यं बोलतात आणि मग मराठीत, सेमी-इंग्रजीच्या वर्गात इंग्रजीत येतात. याच गावातून जळगावला गेलेल्या काही मुलांच्या आया मला सांगतात की पोरं वर्गात शंका विचारायची बंद झाली, बोलण्यातून घरची बोली निसटेल या धास्तीने. सगळ्यांचं असं होत नाही. पण माझी मुलगी मुळातच बुजरी आहे, त्यामुळे मला याचा विचार करावाच लागला.

साने गुरुजींचं नाव तुम्ही काढलंत ते बरं झालं. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० शिक्षक होते. तिथलं वसतिगृह त्यांनी सांभाळलं, १९२८ साली ‘विद्यार्थी’ मासिक काढलं. ती शाळा त्या काळी नावाजलेलीच होती आणि खेड्यापाड्यांतली मुलं घर सोडून तिथे राहत होती. तेव्हा चांगल्या शिक्षकासाठी मूल परगावी पाठवणं ही खान्देशची जुनी रीत आहे आणि मी तिच्या विरोधात नाही. पण ती मुलं शाळेजवळ राहत होती. आमच्याकडची व्हॅन सकाळी अंधारातच दारात उभी राहते आणि मुलं दुपारी उशिरा घरी येतात. पाळधी, बांभोरी करत ३० किलोमीटरच्या आसपास हायवे, ट्रकांची रांग, गिरणेच्या पुलावर गाडी अडकली तर आणखी उशीर. मार्च-एप्रिलमध्ये परत येताना पत्र्याच्या व्हॅनमध्ये काय होतं ते जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला मी काय सांगू! त्यानंतर क्लास, मग गृहपाठ. तेरा वर्षांच्या मुलीने झोपायचं कधी आणि एखादं पुस्तक नुसतंच वाचत लोळायचं कधी? आमची मुलगी शाळा सुटल्यावर दहा मिनिटांत घरी येते. रोज हाती राहणारे ते तास मला फार मोलाचे वाटतात.

शाळा अनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय चालणारी, हेही विचारा. आठवीत होणारी एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच देता येते. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मुलाची निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. विनाअनुदानित शाळेत नाव घातलं की ते दार बंद होतं आणि प्रवेशाच्या वेळी हे कुणी सांगत नाही. उलट बाजूही सांगते. नावाजलेल्या शाळेच्याच आवारात कनिष्ठ महाविद्यालय असेल तर अकरावीला १० टक्के इनहाऊस, म्हणजे आपल्याच शाळेतल्या मुलांसाठी राखलेल्या, जागांचा फायदा मिळू शकतो. बाकी २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन, दहावीच्या गुणांवर होतात. तिथे शाळेचं नाव विचारलं जात नाही.

तुमच्या ‘तत्त्वासाठी’ या शब्दाबद्दलही बोलते. शिक्षकांची पदं पटावर ठरतात. दरवर्षी पट मोजला जातो, संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती पदं ते ठरतं, आणि मुलं कमी झाली की एखादे सर अतिरिक्त ठरून दुसऱ्या शाळेत समायोजित होतात. गावातली जी कुटुंबं प्रश्न विचारू शकतात तीच आधी निघून गेली तर प्रयोगशाळेचं कुलूप उघडा म्हणायला मागे कोण राहणार? वेचणीला गेलेल्या मुलीची आई पालकसभेला येऊ शकत नाही, तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. मी जाऊ शकते, म्हणून जाते. याची मला मनापासून आच आहे आणि ती मी लपवत नाही. पण गावची शाळा वाचवण्याचं ओझं तेरा वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर ठेवायचं नाही, हेही आम्ही घरात बोलून ठरवलंय. गणिताचे सर उद्या अतिरिक्त ठरून गेले आणि जागा भरली नाही, तर नववीच्या आधी आम्ही पुन्हा विचार करू. जळगावला माझी नणंद राहते. मग मुलगी तिच्याकडे राहून शिकेल, व्हॅनने जाणार नाही.

तुमच्या मुलाचं यंदा जळगावला नाव घालायचं चाललंय असं तुम्ही लिहिलंत. भुसावळ-जळगाव रेल्वेने जवळ आहे, तुमचं गणित आमच्यापेक्षा वेगळं असू शकतं. पैसे भरण्याआधी एकदा शाळेत जाऊन या. नववीत किती मुलं आणि दहावीला किती, आठवी ते दहावी गणित-विज्ञान कोण शिकवणार, ते पूर्णवेळ आहेत का, एका तुकडीत किती मुलं, प्रयोगशाळा आठवड्यातून किती वेळा उघडते, एवढं विचारा. उत्तरं नीट मिळाली तर खुशाल पाठवा, मला आनंदच होईल. आणि काय उत्तरं मिळाली ते इथे लिहा. यावल-रावेरकडच्या काही जणी त्याच शाळेबद्दल मला विचारतायत.