मार्गारेटचा उल्लेख हवा होता

नॉर्वेच्या राण्यांचा प्रभाव समारंभांपुरताच मर्यादित राहिला, हे लेखातील विधान मला मान्य नाही. डेन्मार्कचा राजा चौथा वाल्डेमार याची कन्या मार्गारेट हिचा विवाह १३६३ मध्ये, ती जेमतेम दहा वर्षांची असताना, नॉर्वेचा राजा सहावा होकोन याच्याशी झाला. पुढे १३८० मध्ये पती आणि १३८७ मध्ये एकुलता एक मुलगा ओलाफ यांचे निधन झाल्यावर, तिला राजमाता म्हणून बाजूला न सारता, १३८८ मध्ये नॉर्वेच्या सरदार मंडळाने राज्याची सूत्रे तिच्याच हाती सोपवली. डेन्मार्कने तर ती आदल्याच वर्षी दिली होती. १३८९ मध्ये तिच्या सैन्याने स्वीडनचा राजा आल्ब्रेख्ट याचा पराभव केला. १३९७ मध्ये स्वीडनमधील काल्मार येथे तिच्या बहिणीचा नातू एरिक याला डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या तिन्ही राज्यांचा राजा म्हणून मुकुट चढवला गेला, तरी खरी सत्ता १४१२ मधील मृत्यूपर्यंत तिच्याकडेच होती. तिन्ही राज्यांच्या या संघात सत्तेचे केंद्र डेन्मार्ककडे सरकले आणि नॉर्वेचे महत्त्व घटले, हेही नोंदवायला हवे. पण तोही तिच्या प्रभावाचाच परिणाम होता. आधुनिक काळात नॉर्वेच्या १९९० च्या घटनादुरुस्तीने ज्येष्ठ अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, वारसाहक्क दिला आणि त्यामुळेच २००४ मध्ये जन्मलेली राजकन्या इंग्रिड अलेक्झांड्रा आज वारसाक्रमात आहे.